दहा डॉलरची पैज

१९४४ सालची गोष्ट. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये नागरी हक्कांवरचा तास चालू होता. शिकवणारे स्पॉट्सवुड रॉबिन्सन अजून तिशीच्याही अलीकडचे. समोर बसलेली पॉली मरे त्यांच्याहून जवळजवळ सहा वर्षांनी मोठी, वर्गातली एकुलती एक बाई आणि अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. चर्चा रंगात आली असताना तिने एक मुद्दा मांडला आणि बाकीच्यांना हसू आवरेना. काळ्यांच्या शाळा गोऱ्यांच्या शाळांइतक्या चांगल्या नाहीत हे दाखवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षं झिजवायच्या, असं तिचं म्हणणं होतं. मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं हाच अन्याय आहे, असं सरळ का म्हणू नये?

हसणाऱ्यांना कायदा चांगला ठाऊक होता, म्हणूनच ते हसले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये होमर प्लेसी नावाच्या प्रवाशाच्या खटल्यात निकाल दिला होता. काळ्यांनी आणि गोऱ्यांनी रेल्वेच्या वेगवेगळ्या डब्यांत बसावं, असा लुइझियाना राज्याचा कायदा होता. प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला. डबे वेगळे असले तरी सोय समान असेल तर राज्यघटनेचा भंग होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. 'वेगळे पण समान' या तीन शब्दांच्या आधारावर दक्षिणेकडच्या राज्यांत पुढचं अर्धं शतक शाळा, दवाखाने, बसायची बाकडी आणि पाण्याचे नळसुद्धा वाटले गेले.

हा निकाल दगडासारखा पक्का आहे असं धरूनच नागरी हक्कांचे वकील लढत होते. हॉवर्डच्या लॉ स्कूलला नावारूपाला आणणारे चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्यांची चाल आखून दिली होती. बोट ठेवायचं ते 'समान' या शब्दावर. वेगळं ठेवायचं असेल तर खरोखर तितकंच चांगलं करून दाखवा, असं राज्याला कोर्टात खेचून म्हणायचं. दोन-दोन विद्यापीठं, दोन-दोन ग्रंथालयं बांधता बांधता खर्चानेच राज्यांचं कंबरडं मोडेल, असा हिशोब होता. चाल शहाणपणाची होती, पण एकेका जिल्ह्यातल्या एकेका शाळेसाठी स्वतंत्र खटला लढावा लागे. पॉलीला इतका दम नव्हता. प्लेसीचा निकाल पंचवीस वर्षांच्या आत रद्द होईल, अशी तिने रॉबिन्सनसरांशी पैज लावली. दहा डॉलरची.

आजीच्या आत्याचं विद्यापीठ

पॉलीचा जन्म २० नोव्हेंबर १९१० चा, बाल्टिमोरचा. ती तीन वर्षांची असताना आई गेली. शिक्षक असलेल्या वडिलांचं मन आजारपणाने ढासळलं. त्यांना मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि तिथे १९२३ मध्ये एका गोऱ्या पहारेकऱ्याच्या मारहाणीत त्यांचा जीव गेला. पॉली वाढली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी, शाळामास्तरीण असलेल्या पॉलीन मावशीकडे. घरात आजी-आजोबा होते. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले आणि युद्धानंतर नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना अक्षरओळख करून द्यायला दक्षिणेत आलेले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. नात त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी.

आजी कॉर्नेलिया जन्माने गुलाम होती. चॅपेल हिल गावच्या स्मिथ या बड्या जमीनदार घराण्यातल्या एका मुलाने हॅरिएट नावाच्या गुलाम स्त्रीवर बलात्कार केला, त्यातून कॉर्नेलियाचा जन्म झाला. त्या मुलाची बहीण मेरी रफिन स्मिथ, म्हणजे नात्याने कॉर्नेलियाची आत्या. तिनेच या मुलीला आपल्या घरात वाढवलं. भाची म्हणूनही आणि मालमत्ता म्हणूनही. मरताना आत्याबाईंनी आपल्या जमिनीतला मोठा वाटा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला दिला.

न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून १९३३ मध्ये पदवी घेतलेल्या पॉलीने १९३८ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला तो नेमका याच विद्यापीठात. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी राज्याला फटकारलं होतं. गोऱ्यांना राज्यात कायद्याचं शिक्षण देता, तर काळ्या विद्यार्थ्यालाही ते राज्यातच मिळालं पाहिजे. त्यानंतर दोनच दिवसांची, १४ डिसेंबरची तारीख असलेलं पत्र पॉलीच्या हातात पडलं. तुमच्या वंशाच्या व्यक्तींना या विद्यापीठात प्रवेश दिला जात नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. ज्या घराण्याच्या पैशावर तिथल्या गोऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत होत्या, त्याच घराण्याची ही पणती-खापरपणती दाराबाहेर उभी होती.

पॉलीने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खरमरीत पत्र लिहिलं आणि त्याची प्रत त्यांच्या पत्नीला, एलिनॉर यांना धाडली. उत्तर आलं ते एलिनॉरबाईंचं. घाई करू नका, असा त्यातला सूर होता. पॉलीला तो अजिबात पटला नाही, आणि तसं तिने कळवलंही. दोघींची मैत्री मात्र तिथून सुरू झाली आणि एलिनॉर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

मोडकी सीट आणि गव्हाचा वाटा

कायद्याकडे ती वळली ती दोन पराभवांमुळे.

१९४० च्या ईस्टरच्या सुमाराला ती मैत्रिणीबरोबर बसने डरहॅमला निघाली होती. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गजवळ ड्रायव्हरने दोघींना आणखी मागे सरकायला सांगितलं. मागची सीट मोडकी होती, म्हणून त्या हलल्या नाहीत. पोलीस आले. कृष्णलाल श्रीधराणी यांचं अहिंसक लढ्यावरचं पुस्तक त्या सुमारास अमेरिकेत वाचलं जात होतं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात चाललेले हे गुजराती तरुण पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. पॉलीने ते पुस्तक अभ्यासलं होतं आणि तुरुंगात तिने त्यातलीच रीत वापरून पाहिली. आवाज चढवायचा नाही, प्रत्येक तक्रार अदबीने, लेखी द्यायची. खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्षाने चलाखी केली. वेगळं बसण्याच्या कायद्याचं कलम बाजूला ठेवून फक्त गोंधळ घातल्याचा आरोप पुढे रेटला. शिक्षा झाली, पण ज्या कायद्याला आव्हान द्यायचं होतं तो खटल्यात उरलाच नव्हता. आरोपपत्रात काय लिहायचं आणि काय गाळायचं, यावर सगळा खेळ असतो, हे पॉलीला त्या कोर्टात कळलं.

दुसरा पराभव जीवघेणा ठरला. व्हर्जिनियातच ओडेल वॉलर नावाचा काळा बटाईदार गव्हाच्या वाट्यावरून गोऱ्या मालकाशी भांडला आणि त्यात मालक गोळी लागून मेला. वॉलरला मृत्युदंड सुनावणारी ज्युरी सगळी गोरी होती. ज्युरीत बसायचं तर मतदानाचा कर भरलेला असावा लागे आणि वॉलरसारख्यांना तो परवडतच नसे. त्याच्या बचावासाठी पैसे गोळा करत पॉली गावोगाव फिरली. त्या फिरतीत रिचमंडला तिची गाठ हॉवर्डचे प्राध्यापक लिऑन रॅन्सम यांच्याशी पडली. शिष्यवृत्ती मिळाली तर कायदा शिकेन, असं ती बोलून गेली. रॅन्सम यांनी शब्द धरून ठेवला. १९४१ च्या शरदात ती हॉवर्डमध्ये दाखल झाली. पहिलं वर्ष संपलं आणि २ जुलै १९४२ रोजी वॉलरला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं.

जेन क्रो

हॉवर्ड हे काळ्यांचं विद्यापीठ. रंगावरून तिला तिथे कुणी अडवणार नव्हतं. पण पहिल्याच दिवसांत एका प्राध्यापकांनी भर वर्गात म्हटलं, की बायका लॉ स्कूलला कशाला येतात ते आपल्याला समजत नाही. वर्ग खिदळला. काही दिवसांनी फळ्यावर सूचना लागली: पहिल्या वर्षाच्या सर्व मुलग्यांना कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मेजवानीचं निमंत्रण. पॉली विचारायला गेली, तर तू मुलींचं वेगळं मंडळ काढ, असा सल्ला मिळाला. वर्गात मुलगी एकच होती.

दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणतात, जुन्या नाटक-तमाशांतल्या एका पात्रावरून पडलेलं हे नाव. पॉलीने त्याला एक बहीण जोडली: 'जेन क्रो'. पुरुषांच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थिनीने चिडून घडवलेला हा शब्द वीस वर्षांनी कायद्याच्या नियतकालिकांत छापला जाणार होता.

ट्रे, पुस्तक आणि रिकामी थाळी

दुसरं महायुद्ध चालू होतं. मुलगे भराभर सैन्यात जात होते आणि विद्यापीठात मुलींची संख्या वाढली होती. जानेवारी १९४३ मध्ये हॉवर्डच्या तीन मुलींनी एका दुकानात हॉट चॉकलेट मागितलं. दुकानदाराने वाजवीपेक्षा जास्त पैसे लावले. मुलींनी योग्य तेवढेच दिले, तर पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं. मुलींना काहीतरी करायचं होतं. पॉलीकडे कायद्याची माहितीही होती आणि पीटर्सबर्गच्या तुरुंगातला धडाही.

जागा ठरली चौदावा रस्ता आणि यू रस्ता यांच्या नाक्यावरचं 'लिट्ल पॅलेस' कॅफेटेरिया. भोवताली सगळी काळ्यांची वस्ती, पण आत फक्त गोऱ्यांना वाढलं जाई. नवखा माणूस सवयीने आत शिरे आणि हाकलला जाई. आधी तयारी झाली. कपडे नीटनेटके हवेत, उलट बोलायचं नाही, कुणी धक्का दिला तरी हात उचलायचा नाही. वॉशिंग्टन शहरात उपाहारगृहांत काळ्यांना मज्जाव करणारा कुठलाही कायदा नाही, मालकाची मर्जी आणि रिवाज एवढंच आहे, याची खात्री पॉलीने करून घेतली होती.

१७ एप्रिल १९४३, शनिवार. विद्यार्थी छोट्या छोट्या गटांनी आत शिरले, रांगेत उभे राहिले आणि त्यांनी जेवण मागितलं. नकार आला. मग प्रत्येकाने रिकामा ट्रे उचलला, टेबल गाठलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचत बसला. थोड्या वेळाने दुसरा गट, मग तिसरा. बाहेर फलक घेतलेली मुलं फेऱ्या मारत होती. मालकाने पोलीस बोलावले. पोलीस आले, त्यांनी पाहिलं, पण पुस्तक वाचणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली पकडायचं? टेबलं अडली, गिऱ्हाईक थांबलं आणि मालकाने दुकान वेळेआधीच बंद केलं. दोन दिवसांत त्याचा रिवाज बदलला.

ग्रीन्सबरो शहरातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर चार काळे विद्यार्थी बसले आणि जगभर गाजले, ते १९६० मध्ये. हे सतरा वर्षं आधीचं. याची बातमी फारशी झाली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये याच विद्यार्थ्यांनी शहराच्या मध्यवस्तीतल्या 'थॉम्सन्स' या उपाहारगृहात ठाण मांडलं. गणवेशातले काही काळे सैनिकही येऊन शेजारी बसले. काही तासांनी सगळ्यांना जेवण वाढलं गेलं. पण संसदेकडून मिळणाऱ्या अनुदानाची चिंता असलेल्या विद्यापीठ प्रशासनाने हे प्रकार थांबवायला लावले आणि थॉम्सन्स पुन्हा पहिल्या चालीवर गेलं. गंमत अशी, की उपाहारगृहांनी सर्वांना वाढावं असा वॉशिंग्टन शहराचा १८७२ आणि १८७३ चा नियम पुस्तकांत धूळ खात पडलेला होता. नव्वदीकडे झुकलेल्या मेरी चर्च टेरेल यांनी त्याच्या बळावर याच थॉम्सन्सविरुद्ध लढा दिला आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अजून जिवंत असल्याचं सांगितलं.

गृहपाठ

पैज लावल्यावर पॉलीने हसणाऱ्यांना उत्तर दिलं ते निबंधातून. गुलामगिरी संपवणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी १८६८ ची चौदावी, या दोन्हींचा आधार घेऊन तिने प्लेसीच्या निकालावर थेट हल्ला चढवला. तिचा मुख्य मुद्दा इमारतींचा नव्हता, मनाचा होता. एखाद्या समाजाला सक्तीने वेगळं काढणं म्हणजे त्याच्या कपाळावर कमीपणाचा शिक्का मारणं. मग रेल्वेचा डबा कितीही आरामशीर असो. कायद्यात याला दाखले थोडे, म्हणून ती मानसशास्त्र आणि समाजशास्त्राकडे गेली.

निबंध सरांकडे गेला आणि विद्यार्थिनी पहिली आली. हॉवर्डमध्ये पहिला आलेला पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला जाई. हार्वर्डने कळवलं, की तुम्ही प्रवेशास पात्र अशा लिंगाच्या नाही. पॉलीने उत्तरात लिहिलं, की लिंग बदलायलाही माझी हरकत नाही, पण त्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. वाचणाऱ्याला हा निव्वळ विनोद वाटावा. पण त्याच्या आधीची कित्येक वर्षं ती डॉक्टरांच्या पायऱ्या चढून, आपल्याला पुरुषी संप्रेरकं देऊन पाहा, अशी विनंती करत होती आणि प्रत्येकाने तिला परत पाठवलं होतं. ही गोष्ट तिच्या खासगी कागदपत्रांतून मृत्यूनंतरच बाहेर आली. हार्वर्डचं लॉ स्कूल बायकांना उघडलं १९५० मध्ये. पॉली बर्कलीला गेली.

७४६ पानं

न्यूयॉर्कमध्ये वकिली करू पाहणाऱ्या काळ्या बाईकडे पक्षकार रांग लावत नव्हते. १९४० च्या दशकाच्या शेवटी मेथडिस्ट चर्चच्या महिला विभागाने तिला एक साधा वाटणारा प्रश्न विचारला. आमच्या संस्थांत आम्ही काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवतो, ते कुठल्या राज्यात कायद्याने भाग पडतं म्हणून आणि कुठल्या राज्यात नुसती सवय म्हणून? लिट्ल पॅलेससमोर पॉलीने स्वतःला हाच प्रश्न विचारला होता.

उत्तर द्यायला ती बसली आणि राज्यामागून राज्याचे कायदे उपसत गेली. शाळा, लग्न, रेल्वे, तुरुंग, दवाखाने. भेदाचे कायदे आणि भेदाविरुद्धचे कायदेही. १९५१ मध्ये ग्रंथ निघाला तो ७४६ पानांचा. नागरी हक्क चळवळीचे सेनापती वकील थर्गुड मार्शल यांनी त्याला आपल्या लढ्याचं बायबल म्हटलं आणि त्यांच्या कचेरीत तो हाताशी असे.

दरम्यान मार्शल यांच्या चमूने 'समान' सोडून 'वेगळे' या शब्दावरच हल्ला करायचं ठरवलं होतं. चमूत रॉबिन्सनही होते. १९५३ मध्ये युक्तिवाद रचताना त्यांनी कपाटातून जुन्या विद्यार्थिनीचा निबंध काढला आणि सहकाऱ्यांपुढे ठेवला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की सार्वजनिक शिक्षणात 'वेगळे पण समान' या तत्त्वाला जागा नाही. वेगळं काढल्याने मुलांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, हे कारणही निकालात आलं. पैजेला दहाच वर्षं झाली होती.

पॉलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. १९६३ मध्ये ती हॉवर्डला गेली, तेव्हा तिथले डीन झालेल्या रॉबिन्सन यांनीच तिला निबंधाची ही पुढची कहाणी सांगितली.

एका मुखपृष्ठावरची दोन नावं

तोवर तिचं लक्ष जेन क्रोकडे वळलं होतं. मधल्या काळात घानाच्या अक्रा शहरात तिने कायदा शिकवला, परत येऊन येलमध्ये डॉक्टरेटचं काम सुरू केलं. १९६४ मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा संसदेत होता आणि त्यातला 'लिंग' हा शब्द गळेल अशी भीती होती. पॉलीने टिपण लिहून वाटलं. काळ्या बाईला नोकरी नाकारली, तर ती काळी म्हणून की बाई म्हणून, हे ती कशी सिद्ध करणार? शब्द गळला तर हा कायदा तिला अर्ध्यावर सोडेल. शब्द टिकला. १९६५ मध्ये येलच्या लॉ स्कूलची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय ठरली. त्याच वर्षी मेरी ईस्टवुड यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात 'जेन क्रो' झळकली. पुढच्या वर्षी अमेरिकेतली मोठी स्त्री-संघटना 'नाऊ' स्थापन करणाऱ्यांत ती होती. गोऱ्या, सुखवस्तू बायकांचेच प्रश्न तिथे वर येतात असं वाटलं, तेव्हा तिने तिथून अंगही काढून घेतलं.

ज्युरीचा प्रश्न तिने वॉलरपासून मनात ठेवला होता. १९६६ मध्ये अलाबामातल्या एका खटल्यात डोरोथी केन्यन यांच्यासह तिने बायकांना ज्युरीतून वगळण्याविरुद्ध युक्तिवाद लिहिला. संघराज्याच्या न्यायालयाने तो उचलून धरला.

मग आयडाहो राज्यातलं रीड दांपत्य आलं. मुलगा वारला, वेगळे झालेले आई-वडील दोघेही त्याच्या मालमत्तेचा कारभार मागत होते आणि राज्याचा कायदा पुरुषाला झुकतं माप देत होता. आईच्या बाजूचं निवेदन वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं. पॉली मरे आणि डोरोथी केन्यन या दोघींनी त्याची एक ओळही लिहिली नव्हती. तरी गिन्सबर्ग यांनी त्यांची नावं मुखपृष्ठावर घातली, कारण युक्तिवाद मुळात त्यांचा होता. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे लिंगभेद करणारा कायदा पहिल्यांदाच रद्द केला.

चॅपेल हिल

साठी ओलांडल्यावर पॉलीने प्राध्यापकी सोडली आणि धर्मशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसली. ८ जानेवारी १९७७ रोजी एपिस्कोपल चर्चने तिला पुरोहितपदाची दीक्षा दिली. त्या चर्चमधली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री पुरोहित. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने तिला सन्माननीय पदवी देऊ केली. त्या वेळी वर्णभेद मोडण्याच्या प्रश्नावर विद्यापीठाची केंद्र सरकारशी तेढ चालू होती. पॉलीने पदवी नाकारली.

त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारीत, ती विद्यापीठाच्या गावी जाऊन आली होती. चॅपेल हिलच्या 'चॅपेल ऑफ द क्रॉस'मध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी कॉर्नेलिया नावाच्या लहानग्या गुलाम मुलीचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच चर्चमध्ये पॉलीने पुरोहित म्हणून आपला पहिला प्रभुभोजनाचा विधी केला. हातात आजीचं बायबल होतं. ते तिने ज्या वाचनपीठावर उघडलं, ते एका बाईच्या स्मरणार्थ दिलेलं होतं. वर नाव कोरलं होतं: मेरी रफिन स्मिथ.